विसाव्यातला समुद्र

१९ जून

शाळा काल संपली आणि आज सकाळीच नुमान दारात उभा. खालाचा मुलगा, माझा मावसभाऊ, माझ्याहून लहान, आमच्याच अंगणात गुडघे फोडून मोठा झालेला. आता नगरपालिकेत आहे आणि नव्या बंदराचं गावातलं सगळं काम त्याच्याकडे आलंय.

“वसीला, सुट्टीत काय करणारेस? भिंतीकडे बघत बसणार?”

“हो. वर्षभर तुमची कार्टी बघितली. आता भिंत बरी वाटते.”

कंपनीला दुभाषी हवी आहे. पैसा एका देशाचा, यंत्रं दुसऱ्याची, एंजिनिअर तिसऱ्याच ठिकाणचे. पण बोलतात सगळे फ्रेंच आणि आमच्या म्हाताऱ्यांना ती कळत नाही. बेटाच्या पूर्वेला कितीही चालत गेलं तरी पाणी कमरेच्या वर येत नाही. तिथला तळ खणून मोठ्या जहाजांसाठी खोल वाट करायची आहे. मी विचारलं, “आणि आमचं पाणी?”

“कुणाच्या हक्काला हात लागणार नाही. मंत्री स्वतः बोलले.”

मी हो म्हटलं. खरं कारण खाला. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिससाठी फेरीबोटीने पलीकडच्या स्फाक्स शहरात जावं लागतं. वारा असला की बोट सुटत नाही, आणि वारा असतोच. मार्चमध्ये बोट बंद होती तेव्हा तिचा चेहरा इतका सुजला होता की हाक मारायच्या आधी मी क्षणभर थांबले, ही खालाच ना म्हणून. कंपनी बेटावरच्या दवाखान्याला मशीन देणार आहे. हे सांगताना नुमान माझ्याकडे बघत नव्हता, हातातल्या किल्ल्यांशी खेळत होता. आईच्या आजाराबद्दल बोलायचं असलं की त्याचं असंच होतं, लहानपणापासून.

२८ जून

आज पाणी मोकळं केलं.

सकाळी बाबांबरोबर मीही गेले. दरवर्षी जाते, शाळेत कुणाला सांगत नाही. बाई कमरेपर्यंत भिजून झावळ्या उपटतात हे पोरांना कळलं तर व्याकरण कोण शिकणार माझ्याकडून! मासे अडवायला ऑक्टोबरपासून उभे असलेले खजुरीच्या झावळ्यांचे कूड एकेक करून काढले. झावळ्या खालून काळ्या पडल्या होत्या, शेवाळाने जड झाल्या होत्या. आधी मब्रूकाच्या पाण्यातल्या काढल्या, कारण ती विधवा आहे आणि ज्या घरात पुरुष नाही त्या घराचं काम आधी, मग बाकीच्यांचं. हा नियम कुणी केला ते कुणालाच माहीत नाही. मब्रूका काठावर कंबरेवर हात ठेवून उभी राहते आणि ओरडते, “नीट उपटा रे, केस उपटताय का झावळ्या!”

इथे घराघराला समुद्राचा आपापला तुकडा असतो. आमच्या तुकड्याला नवरीचं पाणी म्हणतात. आजीला ते लग्नात मिळालं होतं. तिच्यामागे आई आणि खाला, दोघींना अर्धं अर्धं आलं. आई गेल्यापासून दोन्ही भाग बाबाच सांभाळतात, आणि खालाचा मासा तिच्या ओट्यावर ठेवल्याशिवाय स्वतःचा घरी आणत नाहीत.

दुपारपर्यंत सबंध पूर्व किनाऱ्यावर एक झावळी उरली नाही. आता सप्टेंबरच्या मध्यापर्यंत समुद्राचा विसावा. बोय माशाची पिल्लं बोटाएवढी असतात या दिवसांत, त्यांना वाट मोकळी हवी. बाबा काठावर बसून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “बघ, कसा अंग टाकून पडलाय.”

संध्याकाळी टीव्हीवर संसद. समुद्राच्या वापराबद्दल काहीतरी घाईघाईने मंजूर झालं. आमच्या खासदाराने हात वर केलेला दिसला, तर बाबा म्हणाले, “चला, हात तरी हलतो याचा.” मग त्यांनी फुटबॉल लावला.

७ जुलै

कंपनीचा एंजिनिअर आज घरी आला. पन्नाशीचा, लालबुंद मानेचा, उन्हात छत्री घेऊन फिरतो. पोरं त्याला छत्रीवाला म्हणतात आणि मागे मागे जातात. मला तो आवडला. बाबांना आधी हात जोडल्यासारखं काहीतरी केलं, मग चुकलं असं वाटून छातीवर हात ठेवला.

मी चिश, जवाच्या भरडीची पेज, शिजवलं होतं, वाळवलेला ऑक्टोपस घालून. त्याने दोनदा वाढून घेतलं. बाबा खूश. त्यांना वाटतं, जो दोनदा वाढून घेतो तो खोटं बोलू शकत नाही.

छत्रीवाल्याने विचारलं की पाण्याची पाहणी कधी केली तर बरी. मी सांगितलं. बाबांनी छाती फुगवली.

“त्याला म्हणावं, ऑगस्टात ये. ऑगस्टात आमचा समुद्र आरशासारखा असतो. एक काडी दिसायची नाही तुला पाण्यात. सगळ्या भूमध्य समुद्रात असा स्वच्छ किनारा दुसरा दाखव म्हणावं.”

मी जसंच्या तसं भाषांतर केलं. ‘एक काडी दिसणार नाही’ हेसुद्धा. छत्रीवाला कौतुकाने मान हलवत होता. नुमान कोपऱ्यात उभा होता. त्याने विचारलं, “काका, ऑगस्टात खरंच एकही झावळी नसते ना? कुणीच नाही लावत?”

“कोण लावेल?” बाबा हसले. “ज्याने लावली त्याच्या घरी मुलगी कोण देईल?”

सगळे हसलो. छान गेला दिवस.

२३ जुलै

मशीन आलं! फेरीबोटीवर ट्रक, ट्रकवर खोकं, खोक्यावर झेंडे, आमचा आणि त्यांचा. दवाखान्यासमोर मांडव, खासदार, फीत, शाळेच्या मुलींचं गाणं. खालाला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. तिने निळा रुमाल बांधला होता, लग्नकार्यात बांधते तो. खासदाराने तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. ती मला कानात म्हणाली, “याचा हात किती ओला आहे ग, सार्डिन धरल्यासारखा.”

मग डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की मशीन चांगलं आहे, नवं आहे, पण त्याला लागणारं पाणी शुद्ध करणारं यंत्र आलेलं नाही. त्याशिवाय हे नुसतं कपाट. मी मांडवातच नुमानला विचारलं.

“येणार आहे. किनाऱ्याचा करार झाला की दुसरा हप्ता येतो, त्यात ते आहे.”

“म्हणजे करार झाला नाही तर?”

“होईल ना. का नाही होणार?”

खाला उद्या नेहमीप्रमाणे पहाटेच्या बोटीने स्फाक्सला जाईल. खोलीत मशीन झाकून ठेवलंय, वर फुलं आहेत. मला खूप राग आला आणि मग लाज वाटली की दिलेल्या वस्तूचा कसला राग. पण दिलेली आहे का ती? की दाखवलेली?

२ ऑगस्ट

नगरपालिकेच्या दारावर नोटीस. मी तीनदा वाचली, कारण पहिल्यांदा मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय.

जूनमध्ये संसदेत जे मंजूर झालं ते हेच. जे पाणी वापरात आहे त्यावर कुटुंबाचा हक्क राहील. जे वापरात नाही ते सरकारचं, आणि सरकार ते बंदरासाठी कंपनीला भाड्याने देईल. वापर आहे की नाही हे विमानातून घेतलेल्या फोटोंवरून ठरेल. फोटो १८ ऑगस्टला.

ऑगस्टमध्ये!

मच्छीमारांच्या शेडमध्ये सगळं गाव जमलं. बायका सहसा तिथे जात नाहीत, आज गेल्या. आधी सगळे हसले, अगदी मनापासून. बिचाऱ्यांना माहीत नाही, ऑगस्टात पाणी मोकळं असतं, कुणीतरी जाऊन सांगा रे त्यांना. मग हसू एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं. मीच सांगितलं होतं त्यांना. बाबांनी सांगितलं होतं आणि मी फ्रेंचमध्ये सांगितलं होतं.

मुहाद, आमच्या शेजारचा, तरुण आहे, तडकून म्हणाला, “मग लावू या ना झावळ्या. उद्याच्या उद्या. काय अवघड आहे?”

“आणि गस्तीची बोट?” कुणीतरी विचारलं. विसाव्यात कूड लावणं हा सरकारी गुन्हाही आहे, आधीपासून. जाळी जप्त, परवाना रद्द. आणि ज्याचा परवाना रद्द, त्याचं पाणी वापरात नाही असं धरलं जाईल. तेही नोटिशीत होतं, खाली.

म्हणजे लावल्या तर गुन्हेगार, नाही लावल्या तर पाणी रिकामं. कुणीतरी टेबलावर बसून, नकाशा पुढे घेऊन, थंड पाणी पीत पीत हे असं बसवलं असणार. त्याला आमचा विसावा माहीत असणार. नुसता माहीत नाही, त्याने तो मापून घेतला असणार.

घरी येताना बाबा एवढंच म्हणाले, “पिल्लं बोटाएवढी आहेत आत्ता.”

४ ऑगस्ट

राजधानीतून प्रकल्पाचे अधिकारी आलेत, शादली; सगळे आदराने सी शादली म्हणतात. मऊ आवाज, पांढरा शर्ट, प्रत्येक वाक्याआधी “माझ्या बहिणी”. छत्रीवालाही होता. मी दुभाषी म्हणून बोलावलेली, पण भाषांतराला काही नव्हतंच. सी शादली आमचीच भाषा बोलतात. म्हणून मी माझंच बोलले.

“तारीख ऑक्टोबरची करा. एवढंच मागतोय. ऑक्टोबरमध्ये या आणि काय दिसतं ते बघा.”

“माझ्या बहिणी, ऑक्टोबरमध्ये ढग असतात. विमान महाग असतं.”

“ऑक्टोबरमध्ये मासे असतात. ढग डिसेंबरात असतात.”

ते हसले. “तुम्ही शिक्षिका. कायदा सर्वांना सारखा असायला हवा, हे मुलांना शिकवता ना?”

“कायदा कुणी लिहिला ते पण शिकवू का?”

माझ्या तोंडून ते गेलं आणि परत घेता आलं नाही. सी शादलींनी पेनचं टोपण लावलं. बाहेर छत्रीवाला माझ्या मागे आला आणि म्हणाला, “मादाम, मी फक्त फोटोंची व्यवस्था बघतो. तारीख मी ठरवत नाही.” त्याचे डोळे खरे वाटले. पण त्याच्या देशात कुणाच्या शेताची पाहणी पीक कापल्यानंतर करून जमीन पडीक ठरवतात का, हे विचारायचं राहिलं. आत्ता सुचतंय. सगळं चांगलं मला घरी येऊन सुचतं.

९ ऑगस्ट

आज शेडमध्ये भांडण झालं. मुहाद आणि पोरांनी ट्रॅक्टरभर झावळ्या तोडून आणल्या होत्या. बाबा त्या ढिगासमोर जाऊन बसले.

“हमूदाकाका, उठा,” मुहाद बाबांना म्हणाला. “पाणी गेल्यावर विसावा कुणाला देणार?”

“पाणी माझं आहे म्हणून सांगायचं, आणि ते सांगायला त्याचाच गळा धरायचा? मग त्या छत्रीवाल्यात आणि आपल्यात काय राहिलं?”

“छत्री,” मुहाद म्हणाला. एवढ्या रागातही दोघंतिघं फिसकन हसले.

मार्ग मब्रूकाने काढला. ती दारात उभी राहून भोपळ्याच्या बिया सोलत होती. म्हणाली, “झावळ्या लावायला बंदी आहे. माणसं लावायला बंदी आहे का?”

कुणाला कळेना.

“अरे, नोटिशीत लिहिलंय वापर दिसला पाहिजे. मग दिसू द्या. अठरा तारखेला जो तो आपल्या पाण्यात जाऊन उभा राहू दे. जिथे कूड असतो तिथे, ओळीने. माझ्याकडे कूड नाही तर मी स्वतः कूड. कोण अटक करतंय बघू, गुडघाभर पाण्यात उभी राहिले म्हणून!”

आधी हशा, मग सगळे एकदम बोलायला लागले. स्फाक्समध्ये नोकरीला असलेल्या पोरांना फोन गेले. कुणाचा जावई कुठे उभा राहील यावरून वाद सुद्धा झाले. बाबा उठले आणि त्यांनी मुहादच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच.

दुपारी नुमान आला. बिचारा थकलेला दिसत होता. दोन्हीकडून बोलणी खातोय. मी कॉफी केली. “मग काय ठरलं तुमचं?” त्याने विचारलं. मी सगळं सांगितलं, कुणी कुठे उभं राहायचं तेसुद्धा. सांगताना मला हसू येत होतं, किती दिवसांनी. म्हटलं, “तूही ये. खालाच्या पाण्यात तिच्याकडून कुणीतरी हवं.”

तो कपाकडे बघत राहिला. म्हणाला, “उन्हात काकांना नेऊ नकोस, वसीला. वय झालंय.”

“बाबांना कोण अडवणार?”

अर्धी कॉफी तशीच टाकून गेला. त्याची काळजी बघून मला भरून आलं.

१३ ऑगस्ट

आमच्या देशातला महिला दिन, म्हणून सुट्टी. नुमानने मला आणि बाबांना खालाकडे जेवायला बोलावलं, आग्रहाने, काल दोनदा फोन करून. जवाचा कुसकुस, त्यावर मोठा मासा. नुमान स्वतः वाढत होता. माशाचं डोकं त्याने बाबांच्या ताटात ठेवलं, गालाचं मांस काढून खालाला भरवलं.

“आज काय मागायचंय याला?” खाला म्हणाली. “एवढी सेवा तर माझ्या मेल्यावरच व्हायची.”

“आई, जेव.”

जेवताना विमानाचा आवाज आला, खालून गेलं असावं, दोनदा. बाबांनी मान वर केली. मी म्हटलं सुट्टीचं काहीतरी असेल, मागच्या वर्षी राजधानीत पत्रकं टाकली होती तसं. नुमानने उठून खिडकी लावली, माशा येतात म्हणून. इतक्या उकाड्यात. मग टीव्ही मोठा केला.

खालाला परवा बरं नव्हतं. परत येताना बोटीत उलट्या झाल्या. तरी म्हणते अठराला येणार. हाताला, जिथे सुया टोचतात तिथे, प्लास्टिकची पिशवी बांधून येणार.

१८ ऑगस्ट

लिहावंसं वाटत नाही. पण आज नाही लिहिलं तर उद्या मी ते वेगळं लिहीन, थोडं गोड करून. मी तशी आहे.

उजाडताच सगळे गेले. मी माझ्या आयुष्यात असं काही बघितलं नव्हतं. किनाऱ्यापासून आतपर्यंत माणसांच्या ओळी, जिथे झावळ्या असतात तिथे तिथे, वळणासकट. गुडघाभर पाण्यात पोरं, मांडीपर्यंत बायका, कमरेपर्यंत पुरुष. नव्या सुना कुठे वळण घ्यायचं ते सासूला ओरडून विचारत होत्या. मब्रूका तिच्या टोकाला एकटीच उभी राहणार होती, पण तिच्या ओळीला मुहाद आणि त्याचे भाऊ आधी जाऊन उभे राहिले, मग आपल्या पाण्यात बदली पोरं पाठवली. पायांत बोयची पिल्लं शिरत होती. आम्ही हललो नाही तर ती घाबरत नव्हती.

बाबा नवरीच्या पाण्याच्या टोकाला, मी त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर. खाला काठाजवळ, घोट्याएवढ्या पाण्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर, हाताला पिशवी, डोक्यावर तो निळा रुमाल. तिच्या भागात उभं राहायला नुमान आला नव्हता. मी वाट बघत होते.

गाणी झाली. भाकऱ्या हातोहात पुढे गेल्या. गस्तीची बोट आली, लांब उभी राहिली, त्यातल्या एकाने आपल्या आईला ओळखून हात हलवला आणि साहेबाने त्याला झापलं. ऊन चढलं. आकाश कोरं. जरा आवाज झाला की सगळी ओळ मान वर करायची, आणि प्रत्येक वेळी ती कुणाची तरी मोटरसायकल असायची.

दुपार कलल्यावर दोन बायकांना भोवळ आली. त्यांना नेलं आणि त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आल्या. बाबांचे ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, बसा जरा. म्हणाले, “कूड बसतो का कधी?”

तेव्हा नुमान आला. पँट भिजवत, बूट न काढता थेट खालाच्या खुर्चीपाशी.

“आई, चल घरी.”

“थांब. विमान येऊ दे.”

“आई, तुला सकाळी ताप होता. चल म्हणतोय ना.”

“विमान आलं की येते. तू उभा राहा तिकडे, आपल्या वळणावर. रिकामं दिसतंय ते.”

“आई, विमान येणार नाही!”

तो ओरडला. आवाज पाण्यावरून किती लांब गेला ते ओळीतल्या माना वळल्या त्यावरून कळलं. 

खाला त्याच्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, “तुला कसं माहीत?”

नुमानने वाकून तिचा हात धरला, पिशवी बांधलेला नव्हे, दुसरा. तिने तो सोडवून घेतला.

“कधी येऊन गेलं?”

“आई, मशीनचं पाणी… त्यांनी सांगितलं होतं, या महिन्यात झालं नाही तर दुसरा हप्ता…”

“कधी?”

“तेराला.”

तेराला आम्ही त्याच्या हातचं जेवत होतो.

मला वाटलं आता दंगा होईल, मुहाद धावत येईल. कुणीच हललं नाही. बाबा एवढंच म्हणाले, “सूर्य मावळेपर्यंत ठरलंय.” आणि आम्ही सूर्य मावळेपर्यंत उभे राहिलो, रिकाम्या आकाशाखाली, कुणी बघत नसताना. खालासुद्धा. नुमान तिच्या खुर्चीमागे उभा होता, तिच्यावर सावली पडेल असा. ती एकदाही मागे वळली नाही.

२० ऑगस्ट

मी त्याला सांगितलं होतं. कॉफी करून, हसत हसत. हे वाक्य मी कितीही बाजूने फिरवून बघितलं तरी तसंच राहतं.

बाबा म्हणतात, तू नसतं सांगितलंस तर शेडमधून कुणीतरी सांगितलं असतं. खरं असेल. पण मी त्याला विसावा समजावून सांगायचा प्रयत्न केला असता, तर? त्याला तो माहीत आहे, माझ्याइतकाच. त्यानेही लहानपणी झावळ्या उपटल्यात. परका माणूस आमच्या दारापर्यंत आला असता, फार तर अंगणापर्यंत. आत कुठे काय ठेवलंय ते दाखवायला आपलं माणूस लागतं. आणि आपल्या माणसाला विकत घ्यायला त्यांना पैसेसुद्धा लागले नाहीत. त्याच्या आईचा आजार पुरला.

याचा राग कुणावर काढायचा तेच मला दोन दिवस कळत नाहीये. नुमानवर काढते आणि मग खालाचा मार्चमधला चेहरा आठवतो. मग त्या माणसावर येतो ज्याने एका बाईच्या रक्ताच्या बदल्यात समुद्र मागितला आणि त्याला विकास म्हटलं.

६ सप्टेंबर

आज नगरपालिकेत सुनावणी होती. हॉलमध्ये जागा नव्हती, लोक खिडक्यांतून उभे. समोर मोठ्या पडद्यावर फोटो लावला होता. आमचा पूर्व किनारा, वरून. मी तो कधी वरून पाहिला नव्हता. खरंच आरशासारखा होता. इतका सुंदर की मागे कुणीतरी न राहवून “अल्ला” म्हटलं.

सी शादलींनी सांगितलं की पारदर्शकतेसाठी तज्ज्ञ स्वतः निष्कर्ष वाचतील आणि भाषांतर मादाम वसीला करतील. छत्रीवाला उभा राहिला, आज छत्री नव्हती. त्याने कागदावरून डोळे न काढता फ्रेंचमध्ये वाचलं की पाहणीच्या दिवशी सदर जलक्षेत्रात मानवी वापराची कोणतीही खूण आढळली नाही, म्हणून ते रिकामं समजण्यात येत आहे.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी उभी राहिले. शब्द सोपे होते, नववीच्या पोरालाही आले असते. मी छत्रीवाल्याला त्याच्याच भाषेत म्हटलं, “हे माझ्या तोंडून नाही येणार. तुम्ही आमच्या घरी जेवलात. तुम्हाला माहीत आहे ते रिकामं नाही.” त्याची मान आणखी लाल झाली. सी शादली म्हणाले, “मादाम, तुम्ही फक्त भाषांतर करायचं आहे.”

“म्हणूनच करत नाहीये,” मी म्हटलं आणि बसले. मला वाटलं मी थांबवलं. क्षणभर खरंच वाटलं की ते वाक्य आता इकडे येणारच नाही, पलीकडेच राहील.

सी शादलींनी दुसरीकडे बघितलं. “सी नुमान, तुम्हाला फ्रेंच येतं. या.”

नुमान भिंतीपाशी होता. मी हे होऊ दिलं, मी नाही म्हटलं म्हणून ते त्याच्याकडे गेलं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तो पुढे आला. कागद हातात घेतला. पहिल्या रांगेत खाला बसली होती, सरळ बोटीवरून आलेली, हाताला पट्टी, चेहरा राखेसारखा. दवाखान्यातल्या मशीनकडे ती अठरा तारखेपासून बघतही नाही. पाण्याचं यंत्र येत्या आठवड्यात लागणार आहे म्हणे. डॉक्टरांना तिने निरोप पाठवलाय, माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या, मला बोटीची सवय आहे.

नुमान वाचायला लागला. इतक्या खाली मान घालून, की दुसऱ्या ओळीलाही ऐकू गेलं नसेल. हॉलमधला पंखा जास्त बोलत होता.

“नुमान,” खाला म्हणाली.

तो थांबला.

“जोरात वाच. माझ्या पाण्याबद्दल वाचतोयस. मला ऐकायचंय.”

त्याने सी शादलींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, चालू द्या. खाला दोन्ही हात मांडीवर ठेवून, मान वर करून, मुलाच्या तोंडाकडे बघत होती.

नुमानने पहिल्यापासून वाचलं. जोरात.